निळी ओळ पोटाकडे

समाधानी माणसांचा मला राग येतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना मला कुणी सालस बाई समजायला नको. इस्पितळाच्या लाँड्रीतल्या बायकांची संघटना मी वीस वर्षं चालवते आहे. शाळा सातवीत सुटली. कायदे रद्दीतल्या पुस्तकांतून वाचले आणि मुकादमाशी भांडून भांडून पाठ केले. या वीस वर्षांत वरच्या साहेबांनी मला जेवढा ताप दिला नसेल तेवढा एका बाईनं दिला, कारण ती कधी काही मागायचीच नाही.

तिला सगळ्या टाकेमावशी म्हणायच्या. लाँड्रीच्या मागे, बॉयलरच्या भिंतीला चिकटून दुरुस्तीची खोली होती. चार पावलं लांब, तीन पावलं रुंद. खिडकी होती, पण हात बाहेर काढला तर समोरच्या भिंतीला लागेल अशी. डोक्यावर एक बल्ब, त्यावर वाफेचं इतकं किटण की तो पेटलाय की विझलाय ते हात लावून बघावं लागे. टेबलाच्या डाव्या हाताला पत्र्याची एक पेटी, उजव्या हाताला दुसरी. मध्ये मावशी, आणि मावशीपुढे सुया खोचायची चौकोनी उशी.

काम काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. इस्पितळातल्या चादरी बहुतेक सारख्याच, कुठल्याही वॉर्डात गेल्या तरी बिघडत नाही. दोन वॉर्डांचं मात्र तसं नाही. कातडीच्या रोगांच्या वॉर्डातल्या चादरी जहाल औषधात भिजवतात, त्यांच्या कोपऱ्यात हिरव्या दोऱ्याची फुली असते. बाळंतिणींच्या वॉर्डातल्या साध्या साबणात धुतात, त्यांच्या कोपऱ्यात निळ्या दोऱ्याची. चादर फाटते ती बहुधा काठाला, आणि काठाबरोबर फुलीही जाते. मग ती मावशीकडे येते. कातडीच्या वॉर्डातल्या डाव्या पेटीत, बाळंतिणींच्या उजव्या पेटीत. मावशी काठ दुमडून पांढऱ्या दोऱ्यानं शिवणार आणि कोपऱ्यात नवी फुली घालणार. तिथून चादर घडीवालीकडे. ती फुलीचा रंग बघून हिरव्या फळीवर नाहीतर निळ्या फळीवर ठेवणार. कागद नाही, नोंद नाही. ती फुली हाच चादरीचा पत्ता.

प्रत्येक फुलीचा दोरा ओढताना मावशीचे ओठ हलायचे. मला आधी वाटलं, टाके मोजते. एकदा विचारलं.

"काय पुटपुटता हो सारखं?"

"काही नाही गं. देवा, हिच्यावर जो निजेल त्याला झोप लागू दे. एवढंच."

"आणि पगार वाढू दे, असं नाही म्हणत?"

"ते तू म्हणतेस ना. एकाच गोष्टीसाठी दोघींनी कशाला छळायचं त्याला?"

घ्या. अशा बाईशी काय बोलणार? मोर्चाला यायची, नाही असं नाही. पण घोषणा देताना ओठ तसेच हलायचे, त्यामुळे ती साहेबाच्या नावानं ओरडते आहे की साहेबाला झोप लागू दे म्हणते आहे, याचा मला भरवसा नसे. जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या बायका सासू, नवरा, गुडघे, घरभाडं असा सगळा पाढा वाचायच्या. ही डबा उघडून आधी डोळे मिटायची, मग सावकाश जेवायची आणि शेवटी झाकणात उरलेलं पाणी खिडकीतल्या रोपाला घालायची. त्या रोपाला कधी ऊन मिळालं नाही. तरी ते जगलं होतं, आणि मावशीला त्याचं केवढं कौतुक. "बघ, नवीन पान," म्हणून मला दाखवायची. मी मनात म्हणायची, या बाईच्या जिवावर साहेब निवांत घोरतो.

गेल्या वर्षीचा करार झाला तेव्हा आमच्या सहा मागण्या होत्या. चार दिवस बोलणी अडली. शेवटी साहेब म्हणाले, पाच देतो, सहावी सोडा. कुठली सोडायची ते माझ्यावर होतं. सहावी होती दुरुस्तीच्या खोलीत दोन ट्यूब. मी घाईत होते. मावशीच्या दारातूनच विचारलं, "मावशी, उजेडाचं काय? फार अडतं का?"

तिनं मान वर केली आणि नेहमीचं बोलली. "माझं चालतंय की."

सोडली मी ती मागणी. पाण्यात उभ्या राहणाऱ्या सगळ्या बायकांना गमबूट मिळाले. त्यांनी मला खुर्चीवर उभं करून टाळ्या वाजवल्या. मला त्या गोड लागल्या, खोटं कशाला बोलू?

यंदा थंडी सरता सरता, एका बुधवारी सकाळी, बाळंतिणींच्या वॉर्डात तीन तान्ह्या बाळांच्या पाठीवर लाल चट्टे उठले. कातडी इतकी लाल की आया हात लावायला घाबरायच्या. नर्सनं चादर नाकाला लावली, तर औषधाचा उग्र वास. मेट्रनबाई म्हणजे सगळ्या नर्सांच्या वरच्या बाई. त्यांनी दुपारपर्यंत वॉर्डातली झाडून सगळी चादर कचरा जाळायच्या भट्टीत घालायला लावली. बाळांसाठी ते बरोबरच होतं. पण भट्टीत चादरींबरोबर कोपऱ्यातल्या फुल्याही गेल्या.

हिरव्या फळीवरची चादर निळ्या फळीवर कुणी ठेवली? फळीवर ठेवायचं काम घडीवालीचं. मुकादमानं संध्याकाळी तिला घरी बसवलं. पुढच्या मंगळवारी चौकशी, आणि चौकशीत काय होणार ते मुकादमाच्या तोंडावर आधीच लिहिलेलं होतं.

घडीवाली म्हणजे चोवीस वर्षांची पोर, सहावा महिना लागलेला. नोकरी गेली तर बाळंतपणाची भरपगारी रजा गेली, आणि शिवाय ज्या वॉर्डात तिला स्वतःला जायचं त्या वॉर्डात तिचं नाव असं झालेलं. माझ्या ऑफिसात येऊन बसली, पोटावर दोन्ही हात. ऑफिस म्हणजे जिन्याखालची जागा, आणि एक टेबल ज्याचा एक पाय मी आहे असं सगळ्या म्हणतात.

"ताई, फुली निळी होती. मी बघितली म्हणूनच निळ्या फळीवर ठेवली."

"सगळ्यांची निळी होती?"

"सोमवारी आलेल्या अकराच्या अकरा. मी तर मुकादमांना म्हणाले, निळी होती. ते म्हणाले, दाखव. आता राखेतून काय दाखवू?" मग जरा थांबून हळूच म्हणाली, "माझ्या हातून होईल का हो असं? बाळांना?"

मला तिडीक आली. मुकादमाला चौकशीत उभा चिरायचा असं ठरवून मी साक्षीदार शोधायला निघाले. टाकेमावशीइतका बिनडागी साक्षीदार कुठला मिळणार? मुकादमसुद्धा तिच्यापुढे आवाज खाली करायचा. तिनं नुसतं म्हणावं, पोर कामाला चोख आहे, बस. बुधवारपासून मावशी कामावर कुणाशी बोलली नव्हती हे माझ्या कानावर आलं होतं. मी त्याचा विचार केला नाही.

शनिवारी सकाळी, कामाच्या वेळेआधी, मी तिच्या घरी गेले. तिसऱ्या मजल्यावर एक खोली. गेल्या वीस वर्षांत मी तिथं पहिल्यांदाच जात होते, हेही सांगायला हवं. रडणाऱ्या बायकांच्या घरी मी दहा-दहा वेळा गेले आहे. हिच्याकडे जायचं कारणच पडलं नव्हतं.

दार उघडंच होतं. मावशी चहा गाळत होती. खिडकीजवळच्या टेबलापाशी तिचा नवरा बसला होता. तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होता, म्हणून सगळे त्याला कंडक्टरकाका म्हणत. नाकाच्या शेंड्यावर चष्मा, पुढे ती चौकोनी उशी. एकेक सुई उचलून दोरा ओवायचा, गाठ मारायची, उशीत खोचायची.

"काका, हे काय चाललंय?"

"या, या. पुढं सरका, आत जागा आहे," काका म्हणाले, जणू मी दारात लटकत होते. "ही पहिल्या गाडीची तयारी. रोजच्या पंचेचाळीस सुया. पंधरा निळ्या, पंधरा पांढऱ्या, पंधरा हिरव्या. तिकडे दोरा ओवत बसायला बाईसाहेबांना वेळ नसतो."

"वेळ नसतो?"

काकांनी बायकोकडे बघितलं. मावशीनं कप माझ्यापुढे ठेवला, पण टेबलाच्या कडेवर. अर्धा कप हवेत. मी पटकन धरला नसता तर गेला असता. तेव्हा मला पहिल्यांदा ती कुठे बघते आहे ते दिसलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, पण माझं तोंड जिथे होतं त्याच्या थोडं बाजूला.

मी उशी ओढून घेतली. माझ्याकडची ओळ निळी, मधली पांढरी, पलीकडची हिरवी.

"मावशी, यातली निळी कुठली?"

"पोटाकडची."

"तसं नाही. रंग बघून सांगा."

तिनं खुर्ची ओढली आणि बसली. "रंग बघून नाही सांगता येत गं. तीन वर्षं झाली. पांढरं कळतं. निळं नि हिरवं मला एकच दिसतं, काळपट. निळी ओळ पोटाकडे, हिरवी पलीकडे. हे लावून देतात, मी ओळीवर हात ठेवून काम करते. टाका हाताला कळतो, त्याला डोळे लागत नाहीत."

डोळ्यांचा विभाग त्याच इस्पितळात, दोन मजले वर. मी ओरडलेच, "मग वर जाऊन दाखवलं का नाही?"

काका म्हणाले, "वर दाखवलं की खाली कळतं. कंत्राटी कामगाराच्या पुस्तकावर एकदा 'दृष्टी कमी' असं आलं की काय होतं, ते तुम्हीच सांगितलं होतं ना सभेत? आम्ही पहिल्या रांगेत होतो."

सांगितलं होतं. बोट उगारून, टेबलावर मूठ आपटून सांगितलं होतं.

मग मावशी म्हणाली, "सोमवारी उशी पडली."

तिचा आवाज नेहमीसारखाच सावकाश होता, फक्त एकेक शब्द वजन उचलल्यासारखा येत होता. सकाळची पहिलीच चादर ओढताना कोपर लागलं आणि उशी खाली पडली. घडीवाली तेवढ्यात आधीच्या शिवलेल्या चादरी न्यायला आली होती. पोर वाकू नये म्हणून मावशी नको नको म्हणत होती, तरी तिनंच उचलली, फुंकर मारली आणि टेबलावर ठेवली.

"मी ओळ चाचपली. मधली पांढरी जागच्या जागी. म्हटलं, ठीक आहे. पांढरी मधलीच असते ना. कशीही ठेवली तरी मधलीच राहते, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही."

मी हातातली उशी फिरवून बघितली. पांढरी मध्येच राहिली. हिरवी माझ्या पोटाकडे आली.

"कशावरून उलटी ठेवली? तुम्हाला उगाच वाटतंय," मी म्हणाले. मला ते उगाच वाटायला हवं होतं.

काकांनी चष्मा काढला. "रोज संध्याकाळी उरलेल्या सुया मी मोजतो. सवय आहे, गाडी डेपोत गेली की तिकिटं मोजायची. कातडीच्या वॉर्डातलं कापड लवकर फाटतं, त्यामुळे हिरव्या जास्त जातात. दहा, अकरा. निळ्या तीनचार. सोमवारी निळ्या अकरा गेल्या होत्या." चष्म्याची काडी त्यांनी उघडली, मिटली. "मला त्याच संध्याकाळी कळलं. बोललो नाही. म्हटलं, एखादे वेळी बाळंतिणींच्याच चादरी जास्त फाटल्या असतील. बुधवारी चट्ट्यांचं ऐकलं, तरी बोललो नाही."

"मला तेव्हाच कळलं," मावशी म्हणाली. "दुसऱ्या दिवशी सकाळी सुया ओवताना हे 'पुढं सरका' म्हणाले नाहीत. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं."

चहावर साय धरली. मावशी पुढे म्हणाली, "बाळंतिणींच्या वॉर्डाच्या काचेपाशी जाऊन उभी राहिले दोनदा. एकाला पालथं निजवलेलं. मला काय दिसतंय म्हणा, नुसतं गाठोडं दिसलं. पण रडणं ऐकू आलं. मी शिवताना काय म्हणत होते तुला माहीत आहे. त्या अकरा चादरींवर तेच म्हटलंय मी, अकरा वेळा. आणि तेव्हापासून ओठ हलत नाहीत. डबा उघडून बसते, डोळे मिटते, नुसतं अंधारून येतं."

मला अशा वेळी सांत्वन जमत नाही. मला डावपेच जमतात. माझं डोकं धावायला लागलं. घडीवाली निर्दोष आहे हे सिद्ध करायचं तर फुली चुकली हे सांगावं लागणार. फुली चुकली म्हटलं की मावशी गेली. एकीला वाचवायला दुसरीला ढकलणं, हेच तर साहेबांना हवं असतं.

"ऐका," मी म्हणाले. "मंगळवारी तुम्ही एवढंच सांगायचं. खोलीत उजेड नाही, संघटनेनं ट्यूब मागितल्या, मिळाल्या नाहीत. अशा अंधारात कुणाचीही चूक होईल. हे सगळं खरंच आहे. डोळ्यांचं नाव काढायचं नाही, उशीचं नाव काढायचं नाही. मी दोघींना सोडवते."

"आणि विचारलं, चूक कुणाची?"

"म्हणायचं, माहीत नाही."

"माहीत आहे गं मला."

"तोंडाला कुलूप लावायला काय जातं तुमचं?" मी चढले. "तुमच्या देवाला तेवढं समजत नसेल तर त्याला माझ्याकडे पाठवा. मी समजावते. तुम्ही तिथे जाऊन मोठ्या मनानं गळा पुढे कराल. उद्या साहेब प्रत्येक बाईचे डोळे तपासत सुटेल, त्या बायकांना काय सांगू मी? तुमचं मन हलकं होईल आणि ओझं सगळं आमच्या डोक्यावर. हा स्वार्थ झाला, मावशी."

बोलून गेले. काकांनी मान खाली घातली. मावशीला मात्र राग आला नाही. तिनं थोडा वेळ विचार केला, खरंच केला, हे मला तिच्या तोंडावर दिसलं.

"असेल स्वार्थ," ती म्हणाली. "चहा पी. साय काढू का?"

मंगळवारी चौकशी मेट्रनबाईंच्या खोलीत होती. लांब टेबल, एका बाजूला मेट्रनबाई आणि मुकादम, दुसऱ्या बाजूला घडीवाली आणि मी. मी माझं भाषण तयार केलं होतं, कलमांसकट. बल्ब, वाफ, नोंदींचा अभाव, जाळलेला पुरावा. मी बोलले आणि बरी बोलले. मेट्रनबाई लिहून घेत होत्या. मुकादम घाम पुसत होता. माझ्या मनात आलं, जिंकलो.

मग साक्षीदार म्हणून मावशीला बोलावलं. ती हातात उशी घेऊन आली.

मी टेबलाखालून तिच्या पायावर पाय ठेवला. तिनं पाय हळूच काढून घेतला.

"मेट्रनबाई, ही उशी तुमच्यापुढे ठेवते. माझ्याकडे पाठ करून ती हवी तशी फिरवा, नाहीतर फिरवू नका. मला सांगू नका. मग मला निळी सुई मागा."

मेट्रनबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. त्यांनी पाठ केली, परत वळल्या, उशी ठेवली. "निळी द्या."

मावशीनं ओळ चाचपली आणि पोटाकडची सुई काढून पुढे धरली. हिरव्या दोऱ्याचं टोक हवेत हललं.

घडीवालीनं तोंडावर हात घेतला. मावशीला त्या शांततेवरून कळलं.

"हिरवी आली ना? सोमवारी असंच झालं. पोरीनं उशी उचलून दिली हा तिचा चांगुलपणा. तिनं फुली निळी बघितली ती निळीच होती. घातली मी होती."

मुकादमाला अचानक कंठ फुटला. "म्हणजे किती वर्षं असं चाललंय?"

"तीन."

"तीन वर्षं तुम्हाला दिसत नाही, आणि आजवर चुकलं नाही?"

"उशी पडली नव्हती," मावशी म्हणाली.

मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून हे ऐकलं असतं तर हसले असते. मेट्रनबाईंनी पेन खाली ठेवलं. त्या वाईट बाई नाहीत, हे मला कबूल करणं जड जातं. त्यांनी विचारलं, "बाई, हे तुम्ही का सांगताय? तुमच्यावर कुणाचा संशयसुद्धा नव्हता."

मला वाटलं, आता ही देवाचं काहीतरी बोलणार. ती म्हणाली, "मला जेवण जात नाही."

एवढंच.

घडीवाली दुसऱ्या दिवशी कामावर आली. तिन्ही बाळांचे चट्टे उतरले. दोघं आठवड्यात घरी गेली, तिसऱ्याला आणखी बारा दिवस ठेवलं होतं. मावशीच्या पुस्तकावर 'दृष्टी कमी, कामास अपात्र' असा शिक्का बसला आणि महिनाअखेर तिला घरी पाठवलं. सव्वीस वर्षांच्या कामाचा निरोप म्हणून मुकादमानं ती उशी तिला घेऊन जाऊ दिली. माझं म्हणणं होतं, निदान मोतीबिंदूची शस्त्रक्रिया तरी इस्पितळानं तातडीनं करावी. अर्ज केले, आवाज चढवला, एकदा साहेबांच्या दारातच बसले. उत्तर आलं, कंत्राटी कामगाराला सर्वसाधारण रांग. नंबर लागायला आठ महिने.

आणि दुरुस्तीच्या खोलीत दोन ट्यूब लागल्या. त्याच आठवड्यात, न मागता. नवीन बाई आता तिथे लख्ख उजेडात शिवते. खिडकीतलं रोप तिनं टाकून दिलं होतं. मी ते कचऱ्यातून उचलून आणलं. ते घेऊन मावशीकडे जायला मला तीन आठवडे लागले, कारण त्याबरोबर मला आणखी एक गोष्ट न्यायची होती.

दार उघडंच. काका टेबलापाशी सुया ओवत होते, पण पाचच, सगळ्या पांढऱ्या. आसपासच्या बिऱ्हाडांतल्या उशांचे अभ्रे, पोरांच्या चड्ड्या, काय काय मावशीकडे येत होतं. पैशांचं विचारू नका, मी विचारलं नाही. काका म्हणाले, "पुढं सरका," आणि मी बसले.

"मावशी, गेल्या वर्षी ट्यूबची मागणी मी सोडली होती. मी. साहेबांनी नाही."

"माहीत आहे की."

"कसं?"

"तू दारातून विचारलंस तेव्हा तुझं एक पाऊल बाहेर होतं." तिनं रोपाचं पान बोटांनी चाचपलं. "मी चालतंय म्हणाले ते खरं नव्हतं. चालत नव्हतं. पण तेवढ्या बायका पाण्यात उभ्या, त्यांचे पाय सडत होते, आणि माझं काय, एका खोलीचा उजेड. मला वाटलं, हेच समाधान." ती थांबली. "अर्धं तेच होतं. अर्धी भीती होती. लख्ख उजेड झाला असता आणि तरीही मला दिसलं नसतं, तर सगळ्यांना कळलं असतं."

मला वाटलं होतं ती मला माफ करेल आणि मी चिडेन. तिनं मला माफही केलं नाही.

"पुढच्या वेळी कुणी चालतंय म्हणालं," ती म्हणाली, "तर आत येऊन बस. चहा पी. मग परत विचार."

"आणि तुम्ही? आता कशा आहात?"

ती हसली. आठ महिन्यांची रांग, एक खोली, नवऱ्याचं निवृत्तिवेतन बेताचं, डोळ्यांपुढे काळपट पडदा. मी उत्तराची वाट बघत होते आणि मनातल्या मनात भांडायला कमरेला हातही लावले होते.

"जेवण जातं गं," ती म्हणाली. "कालपासून ओठही हलायला लागलेत. अभ्रा शिवत होते आणि आपोआप आलं."

यावर काय भांडणार? हे सुख मला कुठल्याच मागणीपत्रात बसवता येत नाही. ते तिचं नाही असंही म्हणता येत नाही. ते मिळवायला तिनं काय मोजलं ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे. राग मात्र गेलेला नाही. वर डोळ्यांचा विभाग अजून दोन मजल्यांवरच आहे, आणि आठ महिन्यांतले पाच अजून उरलेत. मागच्या आठवड्यात आम्ही कंत्राटी बायकांच्या डोळ्यांचं नवं मागणीपत्र लिहिलं. या वेळी मी प्रत्येकीच्या घरी जाऊन बसले. तेवीस घरं, तेवीस चहा. पोटाची वाट लागली.

त्या दिवशी निघताना मावशीनं माझी काळी पिशवी ओढून घेतली. बंद तुटायला आला होता, तो तिच्या हाताला लागला होता. काकांनी उशीतली सुई दिली. पांढरा दोरा, काळी पिशवी. मी म्हणाले, "काळा दोरा नाही का?" काका म्हणाले, "आहे, पण तो तिला कुठे दिसणार?"

तिनं फुल्या घातल्या, चार, एकीला एक लागून. ओठ हलत होते.

"मला झोप लागू दे म्हणालात ना?" मी विचारलं.

"नाही. तुला कुठली झोप, तू पडल्या पडल्या भांडणार," मावशी म्हणाली आणि दोरा दातानं तोडला. "बंद टिकू दे म्हणाले. ओझं फार भरतेस त्यात."